दोन खुर्च्यांमधली हिंदी

मी मराठी शिकवते आणि नागपुरात राहते. या दोन गोष्टी एका माणसानं एकाच वेळी करू नयेत, असं पंचवीस वर्षांच्या नोकरीनंतर माझं मत झालंय. वर्गात मी मुलांना मराठीचं सौंदर्य समजावून सांगते आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर पडल्या पडल्या पेरूवाल्याला विचारते, "भैया, कैसे दिए?" तो म्हणतो, "ले लो मॅडम, मीठे है." तेवढ्यात त्याला बायकोचा फोन येतो आणि तो तिला सांगतो, "धंदा करून राहिलो ना वं, मंग करतो." फोन खिशात टाकून तो पुन्हा माझ्याकडे वळतो, "कितना तोलू?" त्याला कळलेलं असतं की मला कळलंय. मलाही कळलेलं असतं की त्याला कळलंय. तरी मी म्हणते, "एक किलो कर दो."

जरीपटक्याच्या बाजारात पडद्याचं कापड घ्यायला गेले तेव्हा तर कहर झाला. अर्धा तास मी आणि दुकानातला माणूस हिंदीत रंग, पन्हा, अस्तर यांवर घासाघीस करत होतो. मध्येच तो सोबतच्याला म्हणाला, "हे घडी करून ठेव गा, बाई काही घेत नाही वाटते." मी ऐकलं. मी ऐकल्याचं त्यानं पाहिलं. पुढच्याच क्षणी तो म्हणाला, "और क्या दिखाऊँ मॅडम?" आणि मी, मराठीची प्राध्यापिका, म्हणाले, "वो नीला वाला दिखाइए."

हा नियम कोणी केला ते मला ठाऊक नाही. अनोळखी माणूस दिसला की आम्ही नागपूरकर हिंदीत शिरतो. समोरचा मराठी निघाला तरी बाहेर येत नाही, कारण ज्या भाषेत ओळख झाली त्या भाषेतून उठून दुसरीत जाऊन बसायचं म्हणजे एकदम अंगावर गेल्यासारखं वाटतं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली सून आणि मी लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिनं विचारलं, "आप लोग नए आए हो क्या?" मी हो म्हटलं. सहा महिन्यांनी तिनं हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा आम्हा दोघींना एकमेकींचं मराठीपण अधिकृतपणे कळलं. आज त्याला चार वर्षं झाली. ती अजून मला "दीदी, पानी आ रहा क्या आपके यहाँ?" असंच विचारते. तिच्या घरातून येणारी, नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांतली अस्सल सुबक मराठी मला बंद दारातून ऐकू येते, आणि दार उघडलं की हिंदी बाहेर येते. माझा जीव नुसता वैतागतो.

माझे यजमान म्हणतात, मी उगाच डोक्याला ताप करून घेते. ते वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामावर असतात. दिवसभर फोनवर ड्रायव्हर लोकांशी हिंदी, हिशोबनीसाशी इंग्रजी-हिंदी आणि मालकाशी, तो मराठी असूनही, हिंदी. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढताना पहिल्या दोन वाक्यांत ते माझ्याशीही हिंदीत बोलतात. गाडी थंड व्हायला वेळ लागतो तसं त्यांचं आहे, आणि मी तेवढा वेळ थांबते.

हे सगळं मी सहन करत होते. माझी आई आमच्याकडे राहायला आली आणि माझी सहनशक्ती संपली.

आई उमरेडची. माहेरही उमरेडचं, सासरही. दोन्हीकडे हातमाग. बाबा मागावर बसत आणि आई सुताच्या कांड्या भरत असे, आणि आम्ही दोघं भावंडं त्या खटखटीत अभ्यास करून शिकलो. माग केव्हाच गेला, बाबाही सहा वर्षांपूर्वी गेले. भाऊ नोकरीनिमित्त रायपूरला. आई उमरेडच्या घरात एकटी राहायची आणि तिचं त्यात बरं चाललं होतं, असं ती म्हणायची. मागच्या वर्षी श्रावणात ती न्हाणीत घसरून पडली. दोन तास तशीच पडून होती. दूधवाल्याला दार उघडेना म्हणून शेजारची आत गेली, तेव्हा कळलं. हाड मोडलं नाही हे नशीब. मी तिला त्याच दिवशी घेऊन आले. तिनं अट घातली की संक्रांतीपर्यंत राहते, मग पाहू. म्हणजे संक्रांतीनंतर ती परत त्याच रिकाम्या घरात, त्याच न्हाणीत जाणार होती, आणि मला काहीही करून ते होऊ द्यायचं नव्हतं. भाऊ रोज संध्याकाळी रायपूरहून फोन करून एकच विचारायचा, आई राहते म्हणाली का.

ती म्हणत नव्हती. तिला करमत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती खाली बागेतल्या बाकावर जाऊन बसली आणि एका बाईला सहज म्हणाली, "काहून वं, तुहा पोरगा कोनत्या वर्गात हाय?"  त्या बाईनं मैत्रिणीकडे पाहून ते वाक्य आईच्याच सुरात हळूच म्हणून दाखवलं आणि दोघी हसल्या. मी भाजीची पिशवी घेऊन मागेच उभी होते. खरं तर मी त्या बाईला झापायला हवं होतं. मी काय केलं, तर घरी येऊन आईला सांगितलं की इथे जरा सांभाळून बोलत जा, लोक कसे आहेत ते तुला माहीत नाही.

 आईनं मान हलवून चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून तिनं अख्ख्या बिल्डिंगसाठी हिंदी सुरू केली. वॉचमनशी हिंदी, लिफ्टमधल्या मुलांशी हिंदी, धुणीभांडी करणाऱ्या कामठीच्या बाईशी हिंदी. घरात माझ्याशी मात्र "मले", "तुले", आणि मीही तिच्याशी तसंच. कॉलेजात माझी जीभ सरळ असते, घरी आईसमोर ती आपोआप उमरेडला जाते. एकदा स्टाफरूममध्ये तिचा फोन आला आणि मी "मी येऊन राहिली ना वं" असं म्हणाले, तर दोन विद्यार्थी दारात थबकले. तोवर त्यांच्या वह्यांमधलं "मले" मी लाल शाईनं खोडत आले होते. मी त्यांना जरा जोरातच विचारलं, काय काम आहे.

आईच्या आयुष्यात त्या पाच महिन्यांत एकच बरी गोष्ट घडली. समोरच्या सुनेची सासू. आईच्याच वयाची, बारीक, गोरीपान, केसांचा एवढासा अंबाडा घातलेली. आमच्या दोन दारांच्या मधल्या पॅसेजमध्ये जिन्याच्या जाळीतून दुपारी वारा येतो. एक दिवस ती तिथे खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. आई दारात उभी राहिली. ती म्हणाली, "आओ दीदी, बैठो." आईनं आमच्या डायनिंग टेबलाची एक खुर्ची उचलून बाहेर नेली. तेव्हापासून रोज चार वाजता दोन खुर्च्या आणि मध्ये एक परात.

मी घरी यायची साधारण साडेचारला. लिफ्टचं दार उघडलं की पहिल्यांदा ती हिंदी ऐकू यायची. काय सांगू. आई म्हणायची, "कल रात को मेरे पाठ में चमक भर गया." ती म्हणायची, "तो फिर तेल चोळो ना दीदी, थोडा ओवा डालके." आई म्हणायची, "वो नीचे का बाई आज आया नही." ती म्हणायची, "उसका लडका का तब्येत ठीक नही." दोघी शब्द मराठीतून घ्यायच्या, त्यांना हिंदी शेपूट लावायच्या आणि एकमेकींकडे सरकवायच्या. दोघींनाही सगळं समजायचं. न समजायला झालंय काय? दीदी कोण, यावरही रोज वाद. आई म्हणायची तुम बडी, ती म्हणायची तुम बडी. शेवटी दोघी दीदी झाल्या.

मला वाटायचं, किती ही ओढाताण. दोघी जन्मानं मराठी. दोघींचे नवरे गेलेले, दोघींचे गुडघे दुखतात, दोघींना एकाच प्रकारची अंबाडीची भाजी आवडते. केवढं बोलता येईल यांना. आणि या बसल्यात एकमेकींना मोडकंतोडकं पोचवत. आईचं करमत नाही याचं खापर मी मनातल्या मनात त्या हिंदीवर फोडलं होतं. ती आपल्या भाषेत मोकळी झाली तर इथे रुजेल, राहील, असं माझं पक्कं ठरलं होतं. भाषा शिकवणाऱ्या माणसाला प्रत्येक दुखणं भाषेचंच वाटतं.

डिसेंबरातला एक रविवार होता. मी सकाळपासून सहामाहीचे पेपर तपासत होते. त्यात मुलांनी लिहिलेली वाक्यं वाचून डोकं उठलं होतं. एकानं निबंधात लिहिलं होतं, "मला मराठी खूप पसंद आहे." दार उघडंच होतं आणि बाहेर आई समोरच्या काकूंना सांबारवडी कशी करायची ते सांगत होती. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. ती उमरेडची सांबारवडी, जी माझ्या आजीनं आईला शिकवली, ती आई हिंदीत सांगत होती: "सांबार को बारीक चिरने का, दीदी. फिर खोबरा, खसखस भाजने का. लेकिन भाजने का मतलब ज्यादा नही भाजने का."

मी लाल पेन हातात घेऊन बाहेर गेले.

"काकू," मी म्हणाले, "ही मराठी आहे. तुम्हीही मराठी आहात. पाच महिने झाले तुम्ही दोघी हे काय लावलंय? सांबारवडी हिंदीत सांगतात का कोणी?"

माझा आवाज वर्गातला होता, हे मला मागाहून कळलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखाद्यानं चालू मागात हात घातला तर बाबा पाहायचे, तसं. काकू आधी दचकल्या, मग हसल्या. "हो का," त्या म्हणाल्या. "बरं झालं सांगितलंस. मूळच्या कुठल्या हो तुम्ही?"

आई म्हणाली, "उमरेड."

इथून पुढची पाच मिनिटं मी आजवर अनेकदा मनात उलटसुलट करून पाहिली आहेत. काकूंनी एकही शब्द वाईट हेतूनं काढला नाही, याची मला खात्री आहे. मराठी सुरू झाली आणि मराठीत जे विचारतात ते त्यांनी विचारलं. उमरेडला कुठे? माहेर कुठलं? माहेरचं आडनाव काय? आईनं आडनाव सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला, ओळखीचं काही सापडल्यावर उजळतो तसा. म्हणजे साड्या-धोतरं विणणाऱ्यांतले तुम्ही, त्या म्हणाल्या. आई म्हणाली, हो जी.

हे "हो जी" मी लहानपणानंतर ऐकलं नव्हतं. बाबा इतवारीतल्या व्यापाऱ्याकडे माल घेऊन जायचे तेव्हा तो जे काही म्हणेल त्यावर असं म्हणायचे. मान थोडी खाली, हात पोटाशी. आईचे हात तसेच पोटाशी आले होते, परातीवरून उचलून.

काकू रंगात आल्या होत्या. त्या सांगू लागल्या, आमच्या महालातल्या घरी उमरेडची एक बाई यायची हो धोतरजोड्या घेऊन, मी लहान होते. इतकी गरीब स्वभावानं. मागच्या दाराशी बसायची. माझी आई तिच्यासाठी एक कान तुटलेला कप वेगळा ठेवायची, त्यात चहा द्यायची, आणि ती पिऊन झाल्यावर आपली आपण नळाखाली विसळून उपडा घालून ठेवायची. सांगावं लागायचं नाही. असं म्हणताना त्यांचा आवाज मायेनं भरला होता. ते वाक्य पुरं झालं आणि मग बहुधा त्यांनाच ते ऐकू गेलं. त्या थांबल्या. परातीतली एक काडी उचलून त्यांनी बाजूला ठेवली, मग पुन्हा परातीत टाकली.

आई म्हणाली, "हो जी. तेव्हा तसंच होतं."

तेही तिनं शुद्ध म्हटलं, मी शिकवल्यासारखं. थोड्या वेळानं गुडघा दुखतो म्हणून ती उठली आणि खुर्ची आत घेऊन आली.

त्यानंतर खुर्ची बाहेर गेली नाही. सोमवारी आई म्हणाली गुडघा. मंगळवारी म्हणाली वारा लागतो. चार वाजता ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायची. समोरचं दारही बंद राहू लागलं. सुनेनं मला लिफ्टमध्ये विचारलं, "आंटी की तबीयत ठीक है ना?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली आणि ती मजल्यांचे आकडे पाहत राहिली. तिला घरी काहीतरी सांगितलं गेलं होतं हे दिसत होतं.

गुरुवारी मी घरी आले तर आईनं आपली कापडी थैली भरून दाराशी ठेवली होती. चार लुगडी, औषधाचा डबा, चष्म्याचं घर. ती म्हणाली, रविवारी मले बसमधी बसवून दे. संक्रांतीला अजून तीन आठवडे होते.

माझा पारा चढला. मी म्हणाले, इथे रोज गरम खायला मिळते, डॉक्टर पायरीशी हाय, आणि तू एका वाक्यापायी त्या न्हाणीत पडाले चालली का? त्यांनी काय मुद्दाम म्हटलं? त्यांच्या लहानपणचं सांगितलं त्यांनी, त्यात त्यांचा काय दोष? आता उलट दोघींना माहीत आहे की दोघी मराठी, तर बोला ना मोकळं. मी बरंच काही बोलले, अर्धं उमरेडचं, अर्धं वर्गातलं. रागावले की माझी भाषा अशी खिचडी होते. आई थैलीचे बंद बांधत होती. माझं संपेपर्यंत तिनं दोन गाठी मारल्या.

मग ती म्हणाली, "मले का कान नाही का वं? मले पहिल्याच दिवशी समजलं होतं ते मराठी हाय म्हून. दाराआड सुनेले बोलते ते मले आयकू येत नाही? अन् तिलेबी समजलं होतं माह्यं. दोघीलेबी मालूम होतं."

मी विचारलं, मग बोलल्या काहून नाही.

"हिंदी ना तिच्या बापाची, ना माह्या बापाची," आई म्हणाली. "तेबी चुकत होती, मीबी चुकत होती. दोघी हासत होतो. मराठी तिच्या बापाची हाय."

मी खाटेच्या कडेवर बसले.  खाली बाकावरच्या बाया तिच्या सुरात बोलून हसल्या, तेव्हा मी तिलाच सांभाळून बोल म्हटलं होतं. तिनं सांभाळलं होतं. बोलायला एक जागा शोधली होती, जिथे कोणी आडनाव विचारत नाही, जिथे तिचं "मले" कोणाला हसू आणत नाही आणि समोरचीचा महालही आड येत नाही. पंचवीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या बाईला ते दिसलं नाही. मी लाल पेन घेऊन बाहेर गेले आणि जे बरोबर चाललं होतं ते तपासून ठेवलं.

यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, जाऊन माफी माग. कोणाची मागू, मी विचारलं. त्यांनाही सांगता येईना. समोरच्या काकूंची मागायची तर काय म्हणून? आणि काकूंनी आईची मागायची तर तो कान तुटलेला कप पुन्हा सगळ्यांसमोर मांडावा लागणार. मी दोन वेळा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. बेल वाजवली असती तर पहिलं वाक्य कोणत्या भाषेत बोलायचं हेच मला ठरवता आलं नसतं. भावानं फोनवर विचारलं, आई राहते म्हणाली का. मी म्हटलं, नाही.

रविवारी बस संध्याकाळी साडेपाचची होती. आई तीन वाजताच तयार होऊन बसली. थैली उंबऱ्याच्या आत, चपला उंबऱ्याच्या बाहेर. यजमान गाडीत पेट्रोल भरायला गेले होते. मी तिच्यासाठी डब्यात पोळ्या भरत होते आणि भांडी जरा जास्तच आपटत होते. चारच्या सुमाराला बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मी डोकावून पाहिलं. समोरच्या काकूंनी आपली खुर्ची नेहमीच्या जागी ठेवली होती. मग त्या पुन्हा आत गेल्या आणि दुसरी खुर्ची घेऊन आल्या. आमची नाही, त्यांच्याच घरातली. ती त्यांनी ओढत आणली, कारण उचलवत नव्हती. मग परात आणली. तुरीच्या ओल्या शेंगांनी भरलेली. सगळं मांडून झाल्यावर त्या आमच्या दारात आल्या. थैली त्यांना दिसली. त्या थैलीकडे पाहत राहिल्या, मग आईकडे.

"दीदी," त्या म्हणाल्या, "बहू ने इतना शेंगा लाके रखा है. मेरे अकेले से नही होता."

आई खाटेवरून हलली नाही. मी हातातली पोळी तशीच धरून उभी होते. मला बोलायचं होतं. माझ्या जिभेवर "काकू, त्या दिवशी" एवढं आलंही होतं. आईनं ते माझ्या तोंडावर वाचलं.

"तू चूप राय वं," ती हळूच मला म्हणाली. मग दाराकडे वळून म्हणाली, "आती हूँ, दीदी. लेकिन मेरा गाडी है साडेपाच का."

"तो तब तक सोलेंगे," काकू म्हणाल्या.

दोघी बसल्या. आधी नुसता शेंगा फुटण्याचा आवाज. मग काकू म्हणाल्या, इस बार शेंगा में किडा बहुत है. आई म्हणाली, थंडी नही पडा ना बराबर. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि घड्याळ पाहत होते. सून आतून चहा घेऊन आली. तिनं ट्रे दोन खुर्च्यांच्या मध्ये स्टुलावर ठेवला. सोनेरी काठाचे दोन सारखे कप, हळदीकुंकवाला काढतात ते. ती ट्रे ठेवून आत गेली.

चहा पिऊन झाला आणि आई उठली. कप तिच्या हातात होता आणि ती आमच्या बेसिनकडे निघाली होती. ती विसळायला चालली होती. तिनं ते ठरवून केलं की हात आपोआप निघाले, मला आजही सांगता येणार नाही. काकू आईपेक्षा हळू चालतात, पण त्या आधी उठल्या. त्यांनी आईच्या हातातून कप घेतला, आपलाही घेतला, आणि माझ्या बाजूनं आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या. पाच महिन्यांत त्या आमच्या घरात पहिल्यांदा आल्या होत्या. त्यांनी नळ सोडला, दोन्ही कप विसळले, ओट्यावर शेजारी शेजारी उपडे घातले आणि पदराला हात पुसले. मी बाजूलाच उभी होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि बरं झालं, कारण माझे डोळे भरले होते.

त्या पुन्हा खुर्चीवर जाऊन बसल्या. परात अजून अर्धीच झाली होती. खालून यजमानांनी हॉर्न वाजवला. आईनं शेंगांमधून मान वर केली नाही.

आई माझ्याशी आयुष्यात कधी हिंदीत बोलली नव्हती. रागावतानाही नाही, लाडातही नाही.

"बेटा," ती म्हणाली, "वो थैली अंदर रख दो."

"जी," मी म्हणाले, आणि थैली उचलून आत नेली.